सुसाफोनची पिशवी शिवायला टाकण्याआधी

तुळशीची लग्नं लागली की बँडवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. सुसाफोन म्हणजे अंगाभोवती वळसा घालून खांद्यावर घ्यायचं मोठं पितळी वाद्य; त्याच्या पिशवीचं काम त्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास उरकून घ्यावं.

पहिलं काम मापाचं, आणि ते आपल्याच वाद्यावरून घ्यायचं. आपल्याकडे बरीच वाद्यं मेरठच्या जली कोठी या वाद्यं बनवणाऱ्या वस्तीतून येतात. ती हातानं घडवलेली, त्यामुळं एकाची पिशवी दुसऱ्याला नेमकी बसेलच असं नाही. फरशीवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवा, कर्णा (वाद्याचं पसरट तोंड) उतरवून वाद्य त्यावर आडवं ठेवा आणि भोवतीनं पेन्सिल फिरवा. जाडी पिस्टनपाशी (सूर बदलायला बोटांनी दाबतात त्या खटक्यांपाशी), तळाच्या वळणापाशी आणि कर्णा जोडतात त्या गळ्यापाशी मोजा. जास्त भरेल ती धरा. 25 मिमीचा फोम घालणार असाल तर दोन्ही बाजूंचे मिळून 50 मिमी वाढवा.

ट्युबाची (मांडीवर उभं धरून वाजवायच्या पितळी वाद्याची) तयार बॅग स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. सुसाफोन 1890च्या दशकात अमेरिकन बँडमास्तर जॉन फिलिप सूझा यांच्या सांगण्यावरून, खांद्यावर घालायच्या हेलिकॉनपासून घडला. म्हणून त्याचं कडं मोठं आणि पोकळ. ट्युबाच्या उभट बॅगेत ते बसत नाही.

कर्ण्याला वेगळी पिशवी हवीच. 26 इंची कर्णा म्हणजे 66 सेंटिमीटरचा व्यास, आणि पत्रा काठाशीच सगळ्यात लवकर वाकतो. पिशवीच्या तळात पातळ प्लायवूडची गोल चकती घाला, काठाला फोम दुहेरी घ्या. तंबोऱ्याची गवसणी नुसती कापडाची चालते, कारण तो मांडीवर जपून नेतात. आपलं वाद्य टेम्पोत ढोलाशेजारी पडतं.

तळाबद्दल मी हट्टानं सांगतो. कागलच्या वरातीहून परतताना माझ्या पिशवीचा पट्टा शिवणीतून सुटला. बाजूंना फोम जाड होता, पण तळाला एकेरी रेक्झिन. वाद्य गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली आलं. तळाच्या वळणाला अंगठा बसेल एवढा पोचा पडला आणि मधला पिस्टन दाबला की वर येईना. तो सरळ करून घेईपर्यंत दोन सुपाऱ्या गेल्या. पितळी सुसाफोन 10 किलोच्या वर भरतो. म्हणून दोन इंची नायलॉनचा पट्टा पिशवीच्या खालून पूर्ण वळसा घालून यावा, आणि प्रत्येक जोडावर चौकोन करून त्यात फुली मारलेली शिवण हवी. हे काम गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे द्या. जाड थर ओढणारी मशीन त्याच्याकडे असते.

चेन 10 नंबरची, दोन रनरची. तिच्या आतून कापडाची पट्टी मागून घ्या, नाहीतर दाते पॉलिशवर ओरखडे काढतात. फोम उघडा ठेवू नये; उन्हात तो चिकट होतो आणि त्याचा भुगा पिस्टनमध्ये जातो. आतलं अस्तर मऊ सुती फ्लॅनेलचं बरं.

माउथपीस, मान आणि वळणाचे दोन छोटे तुकडे यांच्यासाठी बाहेरून झाकणाचा कप्पा. कड्याच्या पोकळीत काहीही ठेवू नका, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. तिथं कापसाची गोल उशी बसवली तर पिशवी पोटात दबत नाही.

कोल्हापूरचा पाऊस धरून वरचं कापड जलरोधक घ्याल, पण मग आतला ओलावाही बाहेर पडत नाही. वाजवून झालं की नळीतलं पाणी काढा, बाहेरून पुसा, आणि घरी पोचल्यावर चेन रात्रभर उघडी ठेवा. पावसाळ्यात चार दिवस बंद पिशवीत राहिलेल्या पितळेवर हिरवट डाग उठतात.

पैसे देण्याआधी वाद्य दुकानात न्या. आत घाला, खांद्याला लावा, जिना चढून उतरा. पट्टा खांद्यात रुततोय का, पिशवी पायरीला घासतेय का, हे तिथंच कळतं. घासत असेल तर पट्टा आखूड करून घेतल्याशिवाय हलू नका.