पऱ्हाटी छातीला लागली, फवारणी जपून करा

श्रावण सरत आला की वऱ्हाडात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागते आणि फवारणीचे धोक्याचे दिवस सुरू होतात. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या साली पीक डोक्याएवढं वाढलं होतं, हवा कोंदट होती आणि किडीच्या धास्तीने दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवली जात होती.

उंच पऱ्हाटीत नळी खांद्याच्या वर धरावी लागते. तुषार उलटून तोंडावर येतात, ओली पानं छातीला घासतात, झाकण सैल असलं तर पाठीवरून कंबरेपर्यंत ओघळ उतरतो. ओल्या सदऱ्यातून विष कातडीत मुरत राहतं. म्हणून नुसतं तोंडाला फडकं बांधून भागत नाही. सदरा ओला झाला की काम तिथेच थांबवा, साबणाने अंग धुवा, कपडे बदला. डोक्यावर गेलेल्या पिकात माणूस घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी ठिकाणी सकाळी, वाऱ्याला आडवं चालत, फवारलेल्या ओळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवत फवारा. लेबलवर सांगितलेलं नसेल तर औषधं एकत्र करू नका. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

जीव जातो तो बहुतेकदा उशिरामुळे. मळमळ, घाम, डोकेदुखी सुरू झाली की घरचे म्हणतात, ऊन लागलं, आणि लिंबूपाणी देऊन निजवतात. अशा वेळी डोळे बघा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, लाळ गळत असेल, नजर अंधुक झाली असेल, अंगावरचं मांस फडफडत असेल, तर ते ऊन नव्हे. १०८ ला फोन करा. औषधाचा डबा लेबलासकट बरोबर न्या आणि काय काय मिसळलं होतं ते सगळं सांगा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या औषधांवर दवाखान्यात देतात तो अ‍ॅट्रोपिनचा उतारा चालतो, सगळ्यांवर नाही. तणनाशकातल्या पॅराक्वाटवर तर उताराच नाही. विष पोटात गेलं असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूपही देऊ नका.

आणि उरलेली बाटली. फवारणीपेक्षा कितीतरी जास्त माणसं घरात ठेवलेल्या विषाने गेली आहेत. कुणी लेकरू शरबत समजून प्यायलं, कुणी कर्जाच्या, भांडणाच्या एका वाईट घटकेत हात घातला. ती घटका टळली तर माणूस पुष्कळदा वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकं बाजारातून काढली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. आपल्या हातात निदान कुलूप आहे. लागेल तेवढंच औषध आणा, घराबाहेर पेटीत ठेवा, किल्ली भरवशाच्या माणसाकडे द्या. घरात कुणी गप्प-गप्प झालं असेल तर जवळ बसून सरळ विचारा. मनाच्या त्रासासाठी असलेल्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.