शाळेत कोणी छळत असेल तर मदत कशी मागायची

'टीचर, तो मला त्रास देतो' एवढंच सांगितलं की 'बरं, बघते मी' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून सांगायच्या आधी लिहून काढ. कोणी, कुठे, कधी, काय केलं, कोण बघत होतं, वहीच्या मागच्या पानावर चार ओळी पुरे. 'सोमवारी मधल्या सुट्टीत नळाकडे अमक्याने माझी बॅग फेकली, तमका तिथेच होता' असं सांगितलं की मोठ्यांना टाळता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टावर काही टाकलं असेल तर रागाने डिलीट करू नको, आधी नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर.

सांगायला क्लास टीचरच पाहिजेत असं नाही, ज्यांची भीती वाटत नाही ते पीटी सरसुद्धा चालतील. गोव्यात बऱ्याच सरकारी आणि अनुदानित शाळांत काउन्सेलर येतात, रोज असतीलच असं नाही, कुठल्या वारी येतात ते ऑफिसात विचारून ठेव. बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, त्रास होत असेल तर तेही शाळेलाच सांग, आणि पुढे अटेंडंटजवळची सीट माग.

आणि हो, काय हवंय ते स्पष्ट बोल. बाक बदला, मधल्या सुट्टीत कोणीतरी लक्ष ठेवा. दोघांना समोर उभं करून 'सॉरी म्हण, हात मिळव' हे मात्र नको म्हणून सांग, कारण चौघं मिळून एकाला छळतात ते भांडण नव्हे, आणि अशा सॉरीनंतर बाहेर गेटवर त्रास वाढतो हे मुलांना चांगलं माहीत असतं.

आठवड्याभरात फरक पडला नाही तर आई-बाबांनी हेडमास्तरांना लेखी अर्ज द्यावा, आपल्या कॉपीवर शिक्का घ्यावा, तरी काही नाही तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. छळणारे शिक्षकच असतील तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारहाण आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, अर्जात ते लिहाच.

कोणी नको तिथे हात लावला असेल तर मात्र आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी घरी सांग किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे, रात्रीही लागतो. जीव नकोसा वाटत असेल तर घरातल्या कोणालाही उठव, मग टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दोघं मिळून बोला.