जोडीदाराला पीसीओएस आहे आणि वजन उतरवायचंय: साथ कशी द्यावी

'कमी खा, जास्त चाल' हा सल्ला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि हार्मोनचा आजार) असलेल्या बाईला भेटेल तो देतो. तिला तो पाठ असतो. माझी बायको हा आजार बऱ्याच वर्षांपासून सांभाळते आहे. तिचं वजन उतरताना, अडताना, परत चढताना आणि पुन्हा उतरताना मी शेजारी होतो. आता ओळखीतल्या कोणाच्या घरी हाच प्रश्न आला की तिथला नवरा माझ्याशी बोलायला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'तिला काय खायला देऊ?' जेवणाचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, तो आपोआप मार्गी लागतो. अवघड भाग पुढे येतो आणि त्याबद्दल कोणी काही सांगत नाही.

आधी आजार समजून घ्या

हे काम तुमचं आहे, तिने तुम्हाला शिकवत बसायचं नाही. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. त्या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतं. शिवाय हे हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं, त्यामुळे ते रक्तात मोकळं फिरत राहतं. पाळी लांबणं, चेहऱ्यावर केस येणं, मुरमं, डोक्यावरचे केस विरळ होणं ही सगळी त्याची लक्षणं. वजन वाढलं की इन्सुलिनचा हा घोळ वाढतो आणि घोळ वाढला की वजन उतरवणं जड जातं. यात आळस कुठे येत नाही. तुमच्या मनात तो शब्द असेल तर पुढचं काही करण्याआधी तो काढून टाका, कारण न बोललेलंही तिला कळतं.

नुसत्या सोनोग्राफीवरून कोणी 'पीसीओएस आहे' म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका. 2003 साली ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा रक्तात त्याची वाढ, आणि सोनोग्राफीत अंडाशयात बऱ्याच लहान पुटिका दिसणं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) तपासून तशीच लक्षणं दाखवणारे दुसरे आजार आधी बाजूला काढावे लागतात.

डॉक्टरांकडे बरोबर जा

दाराबाहेर बसू नका, तिची हरकत नसेल तर आत जा. आम्हाला एका दवाखान्यात 'वजन कमी करा आणि मग या' एवढंच ऐकवून परत पाठवलं होतं. पाळीचा प्रश्न विचारलाच गेला नाही. पुढच्या डॉक्टरांकडे आम्ही पाळीच्या तारखांचा कागद घेऊन गेलो आणि बोलणं तिथून सुरू झालं. तारखा लिहून ठेवणं हे जोडीदाराला सहज जमणारं काम आहे. दोन पाळ्यांमध्ये नव्वद दिवसांहून जास्त अंतर पडलं तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण पाळी फार लांबत राहिली तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि त्यात पुढे धोका असतो. पाळी आणण्यासाठी औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

साखरेची तपासणी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची करून घ्या. फक्त उपाशीपोटीच्या आकड्यात बऱ्याचदा गोष्ट निसटते. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही पाहा.

ध्येय लहान ठेवा

आहे त्या वजनाच्या 5 ते 10 टक्के. ऐंशी किलो असेल तर चार ते आठ किलो. एवढ्यानेही पाळी सुधारू शकते, साखर सुधारते. लग्नाच्या फोटोतलं वजन हे ध्येय नाही, तो फोटो मध्ये आणू नका.

जेवण

घरात दोघांसाठी एकच स्वयंपाक. तिच्यासाठी वेगळं ताट मांडलं की ती पेशंट होते आणि तुम्ही पहारेकरी. पीसीओएससाठी अमुकच आहार श्रेष्ठ असं सिद्ध झालेलं नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: जो आहार समतोल आहे आणि वर्षानुवर्षं पाळता येईल तो चांगला. प्रत्येक जेवणात प्रथिनं, भरपूर भाज्या, गोड पेयं बंद. 'पीसीओएस बरा करणारी' पावडर विकत घेऊ नका. उपाशी राहण्याचे प्रयोग तर अजिबात नकोत. या आजारात खाण्याशी नातं बिघडण्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं. दोन दिवस कडक उपास, तिसऱ्या दिवशी ताबा सुटून खाणं आणि मग चौथ्या दिवशी अपराधी वाटणं, हे चक्र सुरू झालेलं दिसलं तर आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक दोघांचीही गरज आहे.

चालणं आणि वजनं उचलणं

आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तत्सम व्यायाम, आणि सलग न येणारे दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. वजन उचलल्याने बाई धिप्पाड होते हा समज सोडून द्या. स्नायू साखर वापरतात, त्यामुळे काट्यावर काही फरक नसतानाही इन्सुलिनचं काम सुधारतं.

इथे तुमचा वाटा प्रोत्साहनाचा नाही, वेळेचा आहे. तिच्या दिवसातून पाऊण तास मोकळा करा. मुलांचा अभ्यास, भांडी, कपड्यांच्या घड्या, वयस्कर माणसांची औषधं, यातलं जे ती त्या वेळात करते ते तुम्ही घ्या. तेही कायमचं आणि तिने न सांगता. 'तू जा ना, मी बघतो' म्हणून दर दहा मिनिटांनी 'अमुक कुठे ठेवलंय?' असा फोन केला तर तो वेळ तिचा झालाच नाही.

औषधं

मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारं औषध) दिलं असेल तर ते जेवणासोबत घ्यायचं. डॉक्टर सहसा कमी मात्रेपासून हळूहळू वाढवतात, तरी सुरुवातीला मळमळ, जुलाब, पोट बिघडणं होतं. बहुतेकींना काही आठवड्यांत सवय होते. फारच त्रास असेल तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, ती मागा. गोळी स्वतःहून बंद करू नका. वर्षानुवर्षं घेत असेल तर रक्तातलं बी12 जीवनसत्त्व तपासून घ्या.

वजन अडतं तेव्हा

सुरुवातीला म्हटलेला अवघड भाग तो हाच. सगळ्या घरांत येतो आणि सगळं बिघडतं ते इथेच.

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काटा भराभर खाली येतो. घरात आनंद असतो. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी असतं आणि खाणं कमी झालं की आधी तो साठा वापरला जातो. मग वेग मंदावतो आणि एक दिवस काटा थांबतो. ती तेवढंच खाते, तेवढंच चालते, आकडा मात्र हलत नाही. कधी एखादा किलो वरही जातो.

आमच्या घरातली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. ती काट्यावर उभी राहिली, उतरली, काटा एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर सरकवला आणि पुन्हा उभी राहिली. मग कानातलं काढून ठेवलं आणि तिसऱ्यांदा उभी राहिली. मी दारात होतो आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. 'होईल' म्हणावं तर पोकळ आणि 'काल बाहेर जेवलो म्हणून असेल' म्हणावं तर आरोप. शेवटी मी तिलाच विचारलं, 'मी काय करू?' ती म्हणाली, 'आकडा विचारू नकोस.' आमच्याकडे तेव्हापासून हा नियम आहे आणि मी तो प्रत्येक जोडप्याला सांगतो: आकडा तिचा. तिने सांगितला तर ऐकायचा, न सांगितला तर विचारायचा नाही, तिच्या फोनमधल्या नोंदीत डोकवायचं नाही.

आता काटा का थांबतो ते पाहा, म्हणजे तुमचा धीर सुटणार नाही. पाळीच्या आधी शरीर पाणी धरून ठेवतं आणि जिची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही तिला हे पाणी कधीचं हेही कळत नाही. नवीन व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी साचतं. एखादं खारट जेवण दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसतं. दिवसागणिक एक-दोन किलोचा चढउतार म्हणजे चरबी नव्हे. आणि शरीर हलकं झालं की त्याला लागणारी ऊर्जाही कमी होते, त्यामुळे पहिल्या महिन्यात पुरलेला बदल चौथ्या महिन्यात पुरत नाही.

म्हणून काटा रोजच्या वापरातून काढा. आमचा कपाटाच्या वरच्या खणात असतो, आठवड्यातून एकदा खाली येतो. त्याच्या जोडीला टेप आणा आणि कंबर मोजा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, टेप आवळायची नाही. मोजमाप तिने घ्यावं, तिने सांगितलं तरच तुम्ही. कंबर कमी होत असेल, पाळीतलं अंतर कमी होत असेल, जिना चढताना दम कमी लागत असेल, तर काम चालू आहे.

या दिवसांत काय बोलू नये याबद्दल माझं मत ठाम आहे. ताटाकडे पाहून काहीही बोलायचं नाही. 'हे चालतं का तुला?' हा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला तरी तो झडतीच असतो. तिची आठवण करून देणारे तुम्ही नाही, तिला सगळं आठवतं. दुसऱ्या कोणाचं उदाहरण द्यायचं नाही, विशेषतः पीसीओएस नसलेल्या बाईचं.

कौतुकही जपून करा, हे लोकांना पटत नाही. 'किती बारीक झालीस' हे ऐकायला गोड वाटतं, पण पुढच्या महिन्यात वजन अडलं आणि तुम्ही गप्प राहिलात की ती शांतताच तिला निकालासारखी ऐकू येते. कौतुक करायचं ते केलेल्या कामाचं: पावसात चालून आलीस, चढावर या वेळी थांबली नाहीस, रिपोर्ट स्वतः वाचून प्रश्न काढलेस. आणि ती सुंदर दिसते हे सांगायला वजन उतरायची वाट पाहू नका.

नातेवाईक किंवा मित्र तिच्या अंगाबद्दल बोलले तर तिथल्या तिथे तुम्ही तोडा. 'तो विषय नको' एवढं पुरतं. घरी आल्यावर 'त्यांचा हेतू वाईट नव्हता' अशी समजूत घालू नका.

काटा आणि कंबर दोन्ही सहा आठवडे जागचे हलले नाहीत, तर जेवण आणखी कमी करायच्या आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉइड पाहून घ्या, चालू असलेली बाकीची औषधं दाखवा. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी वजन वाढतं. ती बंद करायची नसतात, पण पर्याय असू शकतो.

रात्री कान उघडे ठेवा

हे फक्त जोडीदारच करू शकतो. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा आजार जास्त आढळतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. मोठं घोरणं, मध्येच काही सेकंद श्वास थांबून शांतता, मग धाप लागल्यासारखा श्वास, आणि दिवसा पेंग. हे दिसलं तर डॉक्टरांना सांगा आणि झोपेची तपासणी करून घ्या. झोप नीट नसली की भूक वाढते आणि व्यायामाला अंगात त्राण राहत नाही.

मनाकडेही असंच लक्ष असू द्या. उदासी आणि चिंता या आजारात जास्त असतात. आवडीच्या गोष्टी सुटल्या, ती माणसांत जायचं टाळू लागली, दोन आठवडे हेच चाललं, तर तो वजनाचा रुसवा समजू नका. मदत घ्या.

मुलाचा विचार आधी बोलून घ्या

थोडं वजन उतरलं की बंद पडलेलं बीजोत्सर्जन (अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणं) परत सुरू होऊ शकतं, पाळी दिसायच्याही आधी. 'आम्हाला कुठे दिवस राहतात' या भरवशावर राहू नका. मूल नको असेल तर गर्भनिरोधकाचं पहिल्या महिन्यातच ठरवा. वजन उतरवण्याचं इंजेक्शन चालू असेल तर हे जास्तच गरजेचं: सेमाग्लुटाइड मूल हवं असल्यास किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं आणि टर्झेपटाइड सुरू करताना व मात्रा वाढवताना पुढचे चार आठवडे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, तेव्हा कंडोम वापरा. मूल हवं असेल तर डॉक्टरांना तसं आजच सांगा, म्हणजे औषधं त्या हिशोबाने बदलता येतील. आणि वीर्यतपासणी तुमचीही करून घ्या, तिच्या आजाराचं नाव ठरलेलं आहे म्हणून तुमची राहून जाऊ देऊ नका.