सिंगलटनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डीबीकॉन्टेक्स्ट मागू नका

एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ॲडडीबीकॉन्टेक्स्टने नोंदवलेला डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) मुळात स्कोप्ड, म्हणजे दर रिक्वेस्टला नवा. बॅकग्राउंडसर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारं काम, मात्र सिंगलटन: अख्ख्या ॲपसाठी एकच. तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कॉन्टेक्स्ट मागितला की डेव्हलपमेंटमध्ये ॲप सुरू होतानाच एरर येते. आली तर नशीबच समजा; सिंगलटनने स्कोप्ड काही मागितलंय का, ही तपासणी प्रॉडक्शनमध्ये मुळात बंद असते. तिथे तोच एक कॉन्टेक्स्ट ॲप थांबेपर्यंत अडकून राहतो: ट्रॅक केलेल्या नोंदींनी मेमरी फुगत जाते, हाती शिळा डेटा येतो.

त्याऐवजी कन्स्ट्रक्टरमध्ये आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी (नवे स्कोप बनवून देणारी) घ्या. क्रिएटस्कोप सर्व्हिसच्या लूपच्या प्रत्येक फेरीत करा, लूपबाहेर एकदाच नव्हे, आणि त्याच स्कोपमधून गेटरिक्वायर्डसर्व्हिसने कॉन्टेक्स्ट मिळवा. युजिंग (काम संपताच स्कोप आपोआप बंद करणारा सी शार्पचा शब्द) विसरलात तर स्कोप डिस्पोजच, म्हणजे मोकळाच, होणार नाही. एरर घालवायला कॉन्टेक्स्टलाच सिंगलटन करणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.