कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा

प्लेसमेंट सेल म्हणजे कॅम्पसमध्ये कंपन्या आणणारं खातं, एवढीच बहुतेकांची समजूत असते. मग मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे फिरकत नाहीत, त्या तालुक्याच्या कॉलेजांतली मुलं या खोलीत पाऊलही टाकत नाहीत. खरं तर जास्त गरज त्यांनाच असते, आणि सेलकडे मागण्यासारखंही बरंच असतं. ते कसं मागायचं, हे या लेखात सांगतो.

पहिलं काम: नाव वेळेत नोंदवा

इंजिनिअरिंगच्या मोठ्या ड्राइव्ह, म्हणजे कंपन्यांच्या भरती फेऱ्या, सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लागतात, म्हणून नोंदणी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस झालेली हवी. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांनी शेवटचं वर्ष सुरू होताच टीपीओंना, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, भेटावं. अनेक कॉलेजांत हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे जादाची जबाबदारी म्हणून असतं. तेव्हा त्यांच्या तासांचं वेळापत्रक पाहून जा.

दहावी-बारावीची गुणपत्रकं, आधार आणि एक पानी रेझ्युमे सोबत न्या. ईमेल स्वतःचा द्या. कॉलेजने दिलेला पत्ता पास झाल्यावर बंद पडू शकतो. केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, असेल तर लपवू नका. काही कंपन्या दहावीपासून सरसकट ६० टक्के मागतात, काहींना फक्त चालू केटी चालत नाही. खरी माहिती असली तरच सेल तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवू शकतो.

दुसरं: कॉलेजचे आकडे स्वतः वाचा

प्रवेशाच्या माहितीपत्रकावर 'सर्वोच्च पॅकेज' ठळक छापलेलं असतं. ते एका विद्यार्थ्याचं असतं, तुमचं ठरवायला त्याचा काही उपयोग नाही. तुमचं कॉलेज एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेत असेल, तर त्यासाठी भरलेली माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळते. किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले, हे त्यात वर्षानुवर्षं मांडलेलं असतं. शिवाय मध्यक पगार असतो: सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणारा. अपेक्षा या आकड्यावरून ठरवा. घरी आईवडिलांनाही तोच दाखवा; शेजारच्या मुलाच्या पॅकेजवरून होणारे वाद बरेच कमी होतील.

तिसरं: सराव मागून घ्या

मॉक इंटरव्ह्यू आणि ॲप्टिट्यूडची सराव परीक्षा बऱ्याच ठिकाणी होते, पण सांगितल्याशिवाय नव्हे. चार-पाच जणांनी मिळून अर्ज दिला की सरांनाही वेळ काढणं सोपं जातं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी स्वतःचा प्रकल्प दोन मिनिटांत इंग्रजीत सांगण्याचा सराव मोठ्याने बोलून करावा. व्याकरण थोडं चुकलं तरी चालतं. गप्प राहिलात तर मात्र समोरच्याला तुमचं काम कळतच नाही.

चौथं: कंपनी येत नसेल तर काय मागायचं

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग.

माजी विद्यार्थ्यांचे संपर्क मागा. तुमच्याच विभागातून गेलेला कोणी नाशिकच्या औषध कंपनीत असेल, कोणी चाकणच्या कारखान्यात, कोणी पुण्यात ऑडिट फर्ममध्ये. सरांच्या एका फोनने तिथली दारं किलकिली होतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, आलं आहे. ते ओळखीच्या दुकानाचा शिक्का घेऊन उरकू नका. सेलकडून कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या आणि जिथे पुढे नोकरी करायला आवडेल, तिथेच जा.

नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेची नोंदणी कशी करायची, तेही विचारा. पूर्वी तिचा भर इंजिनिअरिंगवर होता. २०२१ मध्ये केंद्राने कला, विज्ञान, वाणिज्यच्या पदवीधरांसाठीही ती विस्तारली. किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा सरकार उचलतं, त्यामुळे लहान उद्योगांनाही तुम्हाला घेणं परवडतं. राज्याच्या महास्वयं पोर्टलवरही नाव घाला. ते फुकट आहे. नोकरीसाठी कोणी 'रजिस्ट्रेशन फी' मागितली, तर पैसे न भरता आधी सेलला दाखवा.

पाचवं: ऑफर लेटर सरांसमोर वाचा

सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेला एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नव्हे. समजा वर्षाला ३,६०,००० रुपये लिहिले आहेत आणि मूळ पगार महिना १५,००० आहे. महिन्याच्या ३०,००० मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी सुमारे ७२० आणि कामगिरीवर अवलंबून असलेले, समजा, ३,००० वजा होतात. शिवाय तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात उरतात साधारण साडेबावीस हजार. पुण्यात खोलीभाडं आणि मेस यांचा हिशेब या रकमेवर करा.

बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर किती महिन्यांचा, सोडल्यास किती रक्कम आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का, हे लेखी विचारा. मूळ प्रमाणपत्रं मुळीच देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. 'एक विद्यार्थी, एक नोकरी' हा नियम तुमच्या कॉलेजात असेल, तर होकार देण्याआधी त्यातल्या सवलतीही विचारून घ्या. काही ठिकाणी बऱ्याच जास्त पगाराच्या कंपनीसाठी पुन्हा बसू देतात.

नोकरी स्वतःच्या प्रयत्नाने लागली असली, तरी ऑफर लेटरची प्रत सेलला द्या. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी कॉलेजला ती लागते, आणि पुढच्या बॅचसाठी त्या कंपनीशी बोलायला सरांना निमित्त मिळतं. काहीच जमलं नसेल, तर निकालानंतर पुन्हा जा. इतर कॉलेजांसोबत होणाऱ्या पूल कॅम्पसच्या सूचना येणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर राहू द्यायला सांगा. त्यांतल्या काही ड्राइव्हना आदल्या वर्षी पास झालेल्यांनाही बसता येतं.