हशा वाक्यात नव्हता: नाटकातून सिनेमात येणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या चित्रपटाचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, दहा-बारा जणांना दाखवला. रंगमंचावर प्रत्येक प्रयोगात हमखास हशा घेणारं एक वाक्य आलं आणि गेलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

प्रसंग साधा होता. नवरा ठासून सांगतो, ‘मी या घरात कुणाच्याही मधे बोलत नाही.’ त्याआधी बायकोने तीनदा तोंड उघडलेलं असतं आणि तीनदा मिटलेलं असतं. नाटक माझंच, दिग्दर्शनही माझं आणि बायकोची भूमिकाही मीच करत होते. तरी लोक का हसले नाहीत ते कळायला मला चार दिवस लागले. मी कॅमेरा नवऱ्याच्या क्लोजअपवर धरून ठेवला होता. नाटकात प्रेक्षकाला दोघं एकदम दिसतात आणि कुठे बघायचं ते तो स्वतः ठरवतो. त्या वाक्याला प्रेक्षक बायकोकडे बघत होता. हशा वाक्यात नव्हताच, ऐकणाऱ्या चेहऱ्यात होता. मी मात्र इतकी वर्षं त्याचं श्रेय माझ्या शब्दांना देत आले होते.

नाटककाराने सिनेमात येताना हे सगळ्यात आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. लेन्स, लाइट यांची माहिती सेटवर चार महिने काढले की येते. आपल्या वाक्यावरचा जीव सोडवायला जास्त वेळ लागतो.

या बाबतीत मला फ्रान्सच्या साशा गीत्रीचा फार आधार वाटतो. शंभराहून अधिक नाटकं लिहिलेला, त्यांत स्वतः भूमिका करणारा हा माणूस. शब्द हेच त्याचं भांडवल. १९३६ साली त्याने स्वतःच्याच कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा पात्रांचे संवाद जवळजवळ काढूनच टाकले. पडद्यावर माणसं वावरतात आणि गोष्ट त्याच्या आवाजातल्या निवेदनातून पुढे सरकते. शब्द त्याने सोडले नाहीत, त्यांची जागा बदलली. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी १९५३च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका असं सगळं अंगावर घेतलं होतं. तो चित्रपट बघताना कोण काय म्हणतं याच्याइतकंच कोण कुणाचं ऐकतंय याकडेही लक्ष ठेवा.

शरीराने करायचा विनोद असेल तर मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन बघा. १९२८च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीमुळे तो वाचतो. हे सगळं लांबून, एका शॉटमध्ये दिसतं. तिथे कट मारला असता तर लोकांचा विश्वासच उडाला असता. म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा ते विनोद कशात आहे यावर ठरवावं. पडण्यात असेल तर लांब, ऐकण्यात असेल तर ऐकणाऱ्याजवळ.

माझा तो प्रसंग वाचला तो लांबून घेतलेल्या, दोघंही दिसणाऱ्या एका वाइड शॉटमुळे. घाईत मी माझे स्वतःचे क्लोजअप घेतलेच नव्हते. दिग्दर्शक म्हणून सगळं लक्ष समोरच्या नटावर. स्वतःच्या चित्रपटात काम करणाऱ्याकडून हे हमखास होतं, आपलाच चेहरा राहून जातो. आता मी माझ्या शॉटच्या वेळी मॉनिटरसमोर एक विश्वासाचा माणूस बसवते आणि ‘ओके’ म्हणायचा अधिकार त्याला देते. तो माझा स्नेही असला तरी चालेल, भिडस्त नको.

सुरुवात कुठून करावी? संकलकाच्या शेजारच्या खुर्चीतून. एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात आणि सहा फ्रेम लवकर कापलं की हशा मरतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. नाटकात हशा चढला की नट थांबतो, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य घेतो. पडद्यावरचा नट कुणासाठी थांबत नाही. ती थांबायची जागा संकलनातच राखावी लागते, आणि नेमकी किती राखायची ते अनोळखी लोकांना चित्रपट दाखवल्याशिवाय कळत नाही. दाखवताना पडद्याकडे बघू नका. बाजूला बसून लोकांकडे बघा, कोण कधी चुळबुळ करतं ते टिपून ठेवा. मित्र हसतात ते आपल्या प्रेमापोटी.

मधल्या काळात दुसऱ्यांच्या चित्रपटांत छोट्या भूमिका करा. दोन वाक्यांची भूमिकाही चालेल. शेवटचा प्रवेश पहिल्या दिवशी चित्रित होतो तेव्हा मनातला चढ कसा धरून ठेवायचा, हे नाटकाच्या तालमीत शिकायला मिळत नाही.

आणि नाटकावर चित्रपट करायला दुसऱ्या कुणाला देत असाल तर प्रयोगाचे हक्क आणि चित्रपटाचे हक्क करारात वेगवेगळे लिहून घ्या. मी एकदा तोंडी बोलण्यावर विसंबले आणि माझ्याच एका नाटकाचे प्रयोग दोन वर्षं थांबवावे लागले.

त्या वाइड शॉटमधून माझा चेहरा मोठा करून घेतला, चित्र जरा फुटलं, चालवून घेतलं. नवऱ्याचं वाक्य ‘मी या घरात’ इथवर त्याच्यावर ठेवलं आणि उरलेलं माझ्या चेहऱ्यावर ऐकवलं. पुढच्या खेळाला मागच्या रांगेतल्या एक बाई वाक्य संपायच्या आधीच हसल्या.