१२,३४,५६,७८९ चे अवयव हाताने कसे पाडावेत

एक ते नऊ अंक ओळीने लिहिले की ही संख्या तयार. कागद, पेन आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात; पद्धत चुकीची निवडली तर मात्र अख्खी दुपार जाते.

आधी ९ काढून टाका. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातोच. (हेच नऊ अंक कसेही उलटसुलट मांडा, बेरीज तीच, त्यामुळे त्यातून मूळ संख्या कधीच मिळत नाही.) उरतात १,३७,१७,४२१. यांच्या अंकांची बेरीज २६, तेव्हा आणखी ३ निघत नाही.

इथून ७, ११, १३ असं एकेका मूळ संख्येने भागत बसलात तर पाचशेच्या आसपास भागाकार करावे लागतील. त्याऐवजी फ्रेंच गणिती फर्माची १६४३ मधली पद्धत घ्या: संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहायची; अ² − ब² = (अ − ब) × (अ + ब), म्हणजे अवयव आपोआप मिळतात.

३७०३ चा वर्ग लहान पडतो, म्हणून सुरुवात ३७०४ पासून. त्याचा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, हा ९५ ने संपतोय, सोडून द्या. पुढचा वर्ग नव्याने काढायची गरज नाही, ३७०५ साठी २१९५ मध्ये २ × ३७०४ + १ = ७४०९ मिळवा: ९६०४. हा ९८ चा वर्ग! म्हणजे अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

इथे थांबू नका, दोन्ही मूळ आहेत का ते तपासायचं राहिलंय. ३६०७ ला ५९ पर्यंतच्या आणि ३८०३ ला ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. एकीनेही भाग जात नाही. म्हणून

१२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

आता बाकीचं झटपट. विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १७,८४,२२,८१६. पहिल्या कंसात हमखास चूक होते: ३ दोनदा आहे म्हणून (१ + ३) × (१ + ३) लिहिलं जातं, आणि १३ ऐवजी १६ येतात.

दुसरा सापळा दोन वर्गांच्या बेरजेचा. संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, त्यावरून ती दोन वर्गांची बेरीज असणार असं वाटतं. नाही. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारी प्रत्येक मूळ संख्या अवयवांत सम वेळा यावी लागते; ३६०७ आणि ३८०३ या दोघींची बाकी ३ आहे आणि दोघी एकेकदाच येतात, त्यामुळे ते अशक्य आहे.

फर्माची पद्धत चालली ती दोन अवयव जवळजवळ असल्यामुळे. ९८,७६,५४,३२१ मधून ९ काढून तीच वापरलीत तर पावणेदोन लाखांहून जास्त पायऱ्या होतील, कारण तिथे अवयव १७² × ३,७९,७२१ आहेत. १७ ने भागलं असतं तर लगेच सुटलं असतं. म्हणून अनोळखी संख्येला आधी शंभरपर्यंतच्या २५ मूळ संख्यांनी भागून घ्या, मग वर्गांकडे वळा.